दोघांचे भांडण, तिसऱ्याचा तोटा

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण ज्याने रूढ केली त्याने केबल दूरचित्रवाणीचा व्यवसाय पाहिलेला नव्हता, हे उघड आहे. या व्यवसायात दोघे भांडू लागले म्हणजे तिसऱ्याच्या घरातील पडदा काळा होतो. आणि हा तिसरा कोणी तटस्थ प्रेक्षक नसून, महिन्याचे पैसे आगाऊ मोजणारा ग्राहकच असतो. भांडण कशाबद्दल आहे हे त्याला सांगितले जात नाही, त्यात त्याचे मत विचारले जात नाही, आणि ते मिटते तेव्हा त्याचा खर्च मात्र बहुधा त्याच्याच नावे पडतो.

फेब्रुवारी २०२३ मधील प्रसंग या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. १८ फेब्रुवारी हा महाशिवरात्रीचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी शिवजयंती. दिल्लीला भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील दुसरा कसोटी सामना चालू होता. पहिला सामना आठवडाभर आधी नागपूरजवळ जामठ्याला होऊन भारताने तो तीन दिवसांत जिंकला होता, त्यामुळे अमरावती-अकोल्याकडे या मालिकेविषयीचे कुतूहल ताजे होते. नेमक्या त्याच शनिवारी डिस्ने स्टार, झी आणि सोनी या तीन बड्या कंपन्यांनी, नव्या दरांचे करार न करणाऱ्या केबल वितरकांना होणारा आपल्या वाहिन्यांचा पुरवठा बंद केला. देशातील सुमारे साडेचार कोटी घरांना याचा फटका बसला, असे वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने त्या वेळी सांगितले. आकडा एका पक्षाचा आहे, तेव्हा तो थोडा हात राखून घ्यावा. पण निम्मा धरला तरी तो लहान नाही. रविवारी जडेजाने ४२ धावांत ७ गडी बाद करून सामना जवळजवळ संपवला, तो पराक्रम या घरांतून दिसला नाही. रोजच्या मालिका थांबल्या, त्यांची तक्रार तर वृत्तपत्रांपर्यंत पोहोचलीही नाही, कारण मालिका पाहणाऱ्या गृहिणीचा आणि निवृत्त वृद्धाचा वेळ आपल्याकडे कोणी मोजत नाही. मंगळवारी बारावीची परीक्षा सुरू होणार होती, त्यामुळे काही पालकांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले असतील, एवढीच काय ती जमेची बाजू.

वितरक न्यायालयात गेले. नव्या दरपद्धतीविरुद्ध त्यांची याचिका केरळ उच्च न्यायालयात होती. तेथे तातडीचा दिलासा मिळाला नाही. आठवडा पुरा होण्याच्या सुमारास त्यांनी करारांवर सह्या केल्या आणि वाहिन्या पुन्हा दिसू लागल्या. एका पक्षाने दम धरला, दुसऱ्याचा दम सुटला, आणि नवे दर मुकाट्याने ग्राहकाच्या रिचार्जमध्ये येऊन बसले.

या दिवसांत कोणीही आपल्या केबलवाल्याला दूरध्वनी केला असता तर जे उत्तर मिळाले असते ते वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाचे आहे : ‘वरूनच बंद हाये सर, आमच्या हाती काय हाये?’ उत्तर खोटे नाही. मात्र हे ‘वर’ म्हणजे कोठे, ते समजून घेतल्याखेरीज प्रश्नाचे स्वरूप कळणार नाही.

कार्यक्रम तयार करणारी व वाहिनी चालविणारी कंपनी पहिल्या पायरीवर असते. तिच्याकडून उपग्रहाद्वारे वाहिनी घेऊन ती तारेत सोडणारा मोठा वितरक, व्यवसायाच्या भाषेत ‘एमएसओ’, दुसऱ्या पायरीवर. गल्लीतील खांबावरून आपल्या घरापर्यंत तार आणणारा, डबा बसविणारा आणि महिन्याच्या महिन्याला दारात येणारा केबलचालक तिसऱ्या पायरीवर. चौथ्या पायरीवर आपण. महत्त्वाचा करार होतो तो पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत. पैसा मात्र चौथ्या पायरीवरून वर चढतो. वरच्या तिन्ही पायऱ्यांवरचा प्रत्येक रुपया, जाहिरातींचे उत्पन्न सोडले तर, याच पायरीवरून गेलेला असतो. जो सर्व पैसा देतो तो कराराचा पक्षकारच नाही, ही या व्यवस्थेची मूळ गोम आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाची आठवण होईल. १८३८ साली त्याने एक साधे उदाहरण घेतले होते. पितळ करायला तांबेही लागते आणि जस्तही. तांब्याचा मक्ता एकाकडे आणि जस्ताचा दुसऱ्याकडे असेल, आणि दोघेही स्वतंत्रपणे आपापला भाव ठरवत असतील, तर दोन्ही धातू एकाच मक्तेदाराकडे असताना जो भाव पडला असता त्याहूनही पितळ महाग पडते. कारण प्रत्येकजण आपला भाव चढवताना गिऱ्हाईक घटल्याने दुसऱ्याचे होणारे नुकसान हिशेबात घेत नाही. वाहिनी हे तांबे, तार हे जस्त. दोन्ही एकत्र आल्याशिवाय आपल्या दिवाणखान्यात चित्र उमटत नाही. दोघांचे भांडण विकोपाला जाते तेव्हा तर पितळ मुळीच तयार होत नाही.

आपल्या भागातील दाखला हवा असेल तर तो बाजार समितीच्या आवारात सापडेल. हमाली, तोलाई वा अडत यांवरून व्यापारी आणि अडते यांचे बिनसते आणि लिलाव बंद पडतो. दोघांपैकी कोणाचा माल उन्हात पडून असतो? दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडून पहाटे गाडी भरून निघालेल्या शेतकऱ्याचा. दाबाचे साधन म्हणून त्याची गैरसोय दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडते. केबलचा ग्राहकही असाच ओलीस असतो. पडदा काळा करण्याचा हेतू ग्राहकाला शिक्षा करण्याचा नसतो. ग्राहकाने चिडून केबलवाल्याला शिव्या द्याव्यात, केबलवाल्याने वितरकाला, आणि वितरकाने शेवटी सही करावी, असा तो हिशेब असतो. ग्राहकाचा संताप हाच त्यातील दारूगोळा.

वाहिनी-कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. डिजिटल डबे येण्यापूर्वी एका तारेवर किती घरे जोडलेली आहेत हे केवळ केबलचालकालाच ठाऊक असे, आणि कागदावर तो फार थोडी दाखवी. बाकीच्या घरांचे पैसे गोळा होत, वर पोहोचत नसत. दुसऱ्या बाजूने, तारेत जागा कमी आणि वाहिन्या पुष्कळ, त्यामुळे आपली वाहिनी दाखवली जावी म्हणून वाहिन्याच वितरकाला उलट पैसे मोजत. हे ‘कॅरेज शुल्क’ अनेक लहान वाहिन्यांना डोईजड झाले. म्हणजे प्रसिद्ध वाहिनी वितरकाची मानगूट धरी आणि वितरक लहान वाहिनीची. २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती होऊन टप्प्याटप्प्याने डबे सक्तीचे झाले ते या अव्यवस्थेवर उपाय म्हणून. नागपूर दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे मार्च २०१३ च्या मुदतीत आले. अमरावती आणि अकोला तिसऱ्या टप्प्यात, ज्याची डिसेंबर २०१५ ची मुदत वाढत वाढत जानेवारी २०१७ पर्यंत गेली. डब्याचे पैसे कोणी भरले हे वाचकांना सांगायला नकोच.

त्या बदल्यात ग्राहकाला एक आश्वासन मिळाले होते : ज्याला जी वाहिनी हवी तेवढीच घ्यावी, तेवढ्याचेच पैसे द्यावेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला वृत्तपत्रांत ‘ट्राय’ म्हणतात, मार्च २०१७ मध्ये त्याचे नियम काढले. न्यायालयीन लढाईनंतर ते २०१९ च्या आरंभी प्रत्यक्षात आले. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रातील केबलचालकांनी त्यांच्याविरुद्ध संध्याकाळचे तीन तास पडदे काळे ठेवण्याची हाक दिली होती. म्हणजे याही वेळी निषेध दोन व्यवस्थांचा आणि अंधार तिसऱ्याकडे. नव्या नियमांप्रमाणे पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी तारेचे भाडे, ‘नेटवर्क कपॅसिटी फी’, १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. झी मराठीसारखी लोकप्रिय वाहिनी तेव्हा सुटी घेतली तर १९ रुपये, कर वेगळा.

हे १९ रुपये कोठून आले याची कथा उद्बोधक आहे. पॅकेजमध्ये घालावयाच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांहून अधिक असू नये, असा नियम होता. कमाल मर्यादा पाहता पाहता बाजारभाव झाली. पॅकेजवर सवलत किती द्यावी यावर १५ टक्क्यांची मर्यादा प्रारंभी घातली होती. ती २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात टिकली नाही. मग सुट्या वाहिनीची किंमत चढी ठेवायची आणि पॅकेजवर भरघोस सूट द्यायची, हा मार्ग मोकळा झाला. काही पॅकेजांवर सत्तर टक्क्यांपर्यंत सवलत दिली जात असल्याचे प्राधिकरणानेच २०१९ मध्ये नमूद केले. सत्तर टक्के सवलत जेव्हा कायम मिळते तेव्हा ती सवलत नसते. मूळ किंमतच काल्पनिक असते. दोन वाहिन्या हव्या असणाऱ्याला वीस घेणे स्वस्त पडावे, अशी ही रचना. निवडीचे स्वातंत्र्य कागदावर पूर्ण होते, खिशात मात्र नव्हते.

प्राधिकरणाने १ जानेवारी २०२० रोजी ही मर्यादा १२ रुपयांवर आणली. कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जून २०२१ मध्ये न्यायालयाने बहुतांश नियम वैध ठरवले. त्यावर कंपन्यांनी आपल्या सर्वांत लोकप्रिय वाहिन्या पॅकेजमधून काढून त्यांचे सुटे दर वाढवण्याची घोषणा केली. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणानेच माघार घेऊन मर्यादा पुन्हा १९ रुपयांवर नेली आणि पॅकेजवरील सवलतीला ४५ टक्क्यांची वेस घातली. हे दर १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले आणि त्यांच्याच करारांवरून अठरा दिवसांत पडदे काळे झाले. तात्पर्य, हे भांडण म्हणजे काही आकस्मिक संकट नव्हते. जवळजवळ चार वर्षे नियम पुढे-मागे होत राहिल्याचे ते फळ होते.

कोणी म्हणेल, केबल नको असेल तर ग्राहकाने दुसरीकडे जावे, स्पर्धा आहे. छत्रीवाल्या कंपन्यांनी त्या वेळी करार केलेले होते, त्यांच्याकडे चित्र दिसत होते. युक्तिवाद ऐकायला बरा आहे. पण केबलचा डबा छत्रीला चालत नाही आणि एका कंपनीच्या छत्रीचा डबा दुसरीला चालत नाही. पाच-सहा दिवसांच्या खंडासाठी कोणी दीड-दोन हजारांचा नवा संसार मांडत नाही, आणि हे दोन्ही पक्षांना पक्के ठाऊक असते. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या जुन्या वस्तीतील बहुतेक गल्ल्यांत केबलची तार एकाचीच असते. दुसरा चालक शेजारच्या गल्लीत असतो, आपल्या गल्लीत तो येत नाही. ही वाटणी कोठे लिहिलेली नाही आणि तिच्यात बदलही होत नाही.

मोबाइलवर पाहावे, हा सल्ला विशेषतः तरुण देतात. ज्याच्या घरी ब्रॉडबँड आहे आणि ज्याला त्याचे निराळे पैसे देणे जड नाही, त्याचा प्रश्न खरोखरच सुटला आहे. तो या लेखाचा विषयही नाही. धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा बाळापूरजवळच्या एखाद्या खेड्यात एका मोबाइलवर घरातील पाच माणसे मालिका पाहू शकत नाहीत. राहता राहिली दूरदर्शनची मोफत छत्री, डीडी फ्री डिश. तिला महिन्याचे भाडे नाही, आणि डिसेंबर २००४ पासून ती गरीब घरांचा मोठा आधार झाली आहे. परंतु मालिकांच्या मुख्य सशुल्क मराठी वाहिन्या तिच्यावर नाहीत. शिवाय तिचाही भरवसा कसा, ते पाहा : मोठ्या कंपन्यांनी आपल्या मोफत हिंदी वाहिन्या तिच्यावरून २०१९ मध्ये काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. ज्याने भाडे दिले नाही त्याला तक्रारीचा हक्क नाही असे म्हणता येईल. पण त्याने छत्री आणि डबा तर विकत घेतलाच होता.

दूरदर्शनसंबंधी येथे एक बाब बहुतेकांना माहीत नसते. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण खाजगी कंपनीने दूरदर्शनला द्यावे, असा २००७ चा कायदा आहे. म्हणून खाजगी वाहिनी बंद झाली तरी असा सामना केबलवरील दूरदर्शनवर दिसेल, असे आपण समजतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपकांपुरते आणि त्याच्या मोफत छत्रीपुरतेच आहे. दूरदर्शनची वाहिनी दाखवणे केबलला सक्तीचे. त्या वाहिनीवरचा सामना मात्र केबलच्या ग्राहकासाठी नाही!

या सर्व काळात खरी फरफट कोणाची होत असेल तर ती तिसऱ्या पायरीवरच्या माणसाची. आदर्श करारात वेगळे काही ठरले नसेल तर १३० रुपयांच्या भाड्यातील ४५ टक्के, म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न रुपये त्याच्या वाट्याला येतात. त्यात तार, खांब, वीज, पावसाळ्यातील दुरुस्ती आणि एखाद्या पोऱ्याचा पगार. नव्वदच्या दशकात गावोगावच्या बेकार पदवीधरांनी कर्ज काढून उभा केलेला हा व्यवसाय आहे. वाहिनी बंद झाली की शिव्या याला, दर वाढले की शिव्या याला, आणि चार घरांनी तार तोडली की तोटाही यालाच. त्यांच्यातील काहींनी पूर्वी ग्राहकाशी अरेरावी केली हे खरे, तिचा अनुभव मलाही आहे. म्हणून त्यांची आजची अडचण खोटी ठरत नाही. आणि गळती केवळ तारेलाच लागली आहे असेही नाही. प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार सशुल्क छत्रीचे सक्रिय ग्राहक मार्च २०२१ अखेर सुमारे ७ कोटी होते. मार्च २०२५ अखेर ते ५.७ कोटींच्या आसपास आले.

ही व्याधी केवळ आपलीच नाही. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने स्थानिक वाहिन्यांना केबल कंपनीकडून मोबदला मागण्याचा हक्क मिळाला, तेव्हापासून तेथे असे खंड नित्याचे झाले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबल यांच्या वादात न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस व डॅलस येथील ग्राहक महिनाभर वाहिनीला मुकले. २०२३ मध्ये डिस्ने आणि चार्टर यांच्या भांडणात जवळजवळ दीड कोटी ग्राहकांच्या वाहिन्या गेल्या. ते मिटले ११ सप्टेंबरला, फुटबॉलचा एक मोठा सामना सुरू होण्यास काही तास उरले असताना. सामन्याच्या वेळेला तडजोड होते, याचा अर्थ वादाचा मुद्दा काही तासांत सुटण्याजोगा होता. तरीही तो दहा-बारा दिवस ताणला गेला, कारण ताणण्याचा खर्च भांडणाऱ्यांना जेमतेमच पडतो.

आपल्याकडे आता चित्र आणखी पालटले आहे. रिलायन्सने २०१८ मध्ये डेन आणि हॅथवे या मोठ्या केबल कंपन्यांत नियंत्रक भागभांडवल घेण्याचे जाहीर केले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्ने स्टारचा भारतीय व्यवसाय त्याच समूहाच्या वाहिन्यांशी जोडला गेला. कूर्नोच्या हिशेबाने तांबे आणि जस्त एका घरात आले, तर पितळ स्वस्त व्हायला हवे. पण त्याच्या उदाहरणात तांब्याचा मालक त्याच बाजारातील दुसऱ्या पितळ ओतणाऱ्यांनाही तांबे पुरवत नव्हता. येथे पुरवतो. डेन-हॅथवेचा जो प्रतिस्पर्धी वितरक आहे त्यालाही लोकप्रिय वाहिन्या याच घराकडून घ्याव्या लागतात. सर्वांना समान अटींवर पुरवठा करावा हा नियम आहे, आणि तो कसोशीने पाळला गेला तर भय नाही. मात्र भविष्यात एखाद्या स्वतंत्र वितरकाशी वाद झाला तर त्याची तार सोडून ग्राहक कोणाकडे वळेल, हा विचार भांडणाऱ्याच्या मनात येणारच नाही असे धरून चालणे भोळेपणाचे होईल. त्यातच जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने तारेच्या भाड्यावरील मर्यादाही उठवली. बाजारात स्पर्धा आहे, दर ती ठरवील, असा त्यामागील विचार. शहराच्या सरासरीत स्पर्धा दिसते हे खरे, पण ग्राहक राहतो तो एका गल्लीत.

मग करायचे काय? वाहिनी तोडण्यापूर्वी वितरकाला तीन आठवड्यांची लेखी सूचना आणि ग्राहकाला पंधरा दिवस आधी पडद्यावरील पट्टीतून सूचना, अशी तरतूद २०१७ च्या नियमांत आहेच. सूचनेने मात्र ग्राहकाच्या हाती काही येत नाही. पूर येणार असे कळले, पण नाव नाही, अशी त्याची स्थिती. माझ्या मते गरज आहे ती दोन गोष्टींची. पहिली अशी की, जुन्या कराराची मुदत संपून नव्या दरांवर वाद असेल, आणि वितरकाकडे मागील थकबाकी नसेल, तर ठराविक मुदतीपर्यंत पुरवठा जुन्या अटींवर चालू राहावा, आणि अंतिम दर ठरल्यावर फरक मागील तारखेपासून चुकता व्हावा. यावर वाहिनी-कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे : अशाने वितरक सही करण्याचे टाळतच राहील. आक्षेप रास्त आहे, आणि त्यावर उपायही आहे. वादग्रस्त फरकाची रक्कम वितरकाने न्यायाधिकरणाकडे अनामत ठेवावी. व्याजासह पैसे अडकले की टाळाटाळीची हौस फिटते. घरभाड्याच्या दाव्यांत आपली न्यायालये हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत.

दुसरी गोष्ट याहून साधी. ज्या दिवसांत सशुल्क वाहिनी दिसली नाही त्या दिवसांचे पैसे ग्राहकाने न मागता पुढील रिचार्जमध्ये वळते व्हावेत. डबा डिजिटल आहे, कोणत्या घरी कोणती वाहिनी किती दिवस बंद होती याची नोंद यंत्रातच असते. मुदत संपताच मिनिटाचाही विलंब न लावता जो डबा वाहिन्या बंद करू शकतो, त्याला सहा दिवसांची वजाबाकी अशक्य आहे यावर कोण विश्वास ठेवील? एका घरामागे रक्कम दहा-वीस रुपयांची असेल. कोट्यवधी घरांच्या हिशेबात ती एवढी होते की पडदा काळा करण्यापूर्वी दोन्ही कंपन्यांचे हिशेबनीस तिचा विचार करतील.

वाद निर्माण झाला की आपले लोक निवेदन घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. केबल कायद्याखाली जिल्हाधिकारी अधिकृत अधिकारी आहेत, पण ते प्रामुख्याने प्रक्षेपणातील मजकूर आणि सक्तीच्या वाहिन्या यांच्यापुरते. दोन कंपन्यांच्या दर-करारावर त्यांची सत्ता चालत नाही. एकट्या ग्राहकाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकते. परंतु कायद्यात आणखी एक दार आहे, ज्याचा उपयोग फारसा होताना दिसत नाही. दिल्लीच्या दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरणापुढे सेवा देणारी कंपनी आणि ‘ग्राहकांचा समूह’ यांच्यातील तंटा चालू शकतो, असे ट्राय कायद्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत शिक्षकांच्या, कर्मचाऱ्यांच्या, निवृत्तांच्या संघटना आहेत, त्यांच्या पतसंस्था आहेत, हिशेब लिहिणारी माणसे आहेत. पुढच्या खंडाच्या वेळी रिचार्जच्या पावत्या, कोणती वाहिनी कोणत्या तारखेपासून दिसली नाही याची नोंद, आणि पडद्यावर आगाऊ सूचना आली होती की नव्हती याचे छायाचित्र, एवढे शे-दोनशे घरांनी जपून ठेवले तरी असा अर्ज उभा राहण्यास पुरेसा आधार मिळेल.